गाडीचा एसी एका बाजूला थंड, दुसऱ्या बाजूला गरम: मला कामी आलेली विलिस कॅरिअर यांची गोष्ट

आजचा लेख थोडा वेगळा आहे. एरवी आपण इथे फोन, ॲप आणि बॅटरीबद्दल बोलतो. आज बोलूया गाडीच्या एसीबद्दल, आणि ज्या माणसामुळे एसी नावाची गोष्ट जगात आली त्याच्याबद्दल. या माणसाचं आयुष्य मी वाचलं ते परीक्षेसाठी नाही आणि हौसेसाठीही नाही. आमच्या गाडीचा एसी बिघडला आणि मिस्त्रीने अठरा हजारांचा आकडा सांगितला, म्हणून वाचलं.

मी जयसिंगपूरचा. घरी एक जुनी, सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक आहे. गेल्या वर्षापासून माझ्या बाबांना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा मिरजेला न्यावं लागतं. उदगाव, अंकलीचा कृष्णेवरचा पूल, मग मिरज. अंतर फार नाही, पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी परत येताना जीव नकोसा होतो. डायलिसिस झालेल्या माणसाला आधीच गळून गेल्यासारखं होतं, बीपी उतरतं. बाबा पुढे डाव्या सीटवर बसायचे. माझ्या बाजूच्या जाळीतून गारेगार हवा यायची आणि त्यांच्या बाजूच्या जाळीतून कोमट. बाबा काही बोलायचे नाहीत. टॉवेलने मान पुसत बसायचे. मागे बसवावं तर आमच्या गाडीत मागे एसीची जाळीच नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी एसी चालू केला, हात लावून बघितला आणि कॉम्प्रेसर गेलाय म्हणून सांगितलं. खर्च अठरा हजार. मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच गॅस भरून दिला होता. अठरा हजार म्हणजे आमच्या घरी औषधांच्या पैशातून काढायचे. मी दोन दिवस मागून घेतले आणि रात्री फोन घेऊन बसलो. एसी नक्की काम कसं करतो हे शोधता शोधता विलिस कॅरिअर हे नाव समोर आलं. कॅरिअर हे एसीच्या कंपनीचं नाव आहे एवढंच मला माहीत होतं. ते एका माणसाचं आडनाव आहे हे त्या रात्री कळलं.

चला तर मग, आधी त्यांची गोष्ट बघू. शेवटी माझ्या गाडीचं काय झालं तेही सांगतो. आणि हो, मधले भाग वगळू नका. गाडीचं उत्तर त्यातच आहे.

सफरचंदाच्या फोडी

विलिस हॅविलंड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला नावाच्या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. भावंडं नाहीत. आईला घड्याळं, शिवणयंत्रं अशा वस्तू दुरुस्त करता यायच्या, आणि तेच पोराच्या अंगात आलं असावं.

शाळेत विलिसला अपूर्णांक काही केल्या कळेनात. आईने तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती कापून दाखवली. अर्धं, पाव, आठवा भाग. मग ते तुकडे जोडून बेरीज, काढून वजाबाकी. तेव्हापासून कोणताही अवघड प्रश्न छोट्या तुकड्यांत फोडायची सवय त्यांना लागली, असं ते पुढे सांगत. विलिस अकरा वर्षांचा असताना आई वारली. पण ती सवय मात्र आयुष्यभर टिकली.

पुढचं शिक्षण सोपं नव्हतं. १८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. शेतकऱ्यांचे हाल झाले. कॉलेजला जायला पैसे नाहीत म्हणून विलिसने शाळेत मास्तरकी केली. मग शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथे लोकांच्या हिरवळी कापल्या, भट्ट्या सांभाळल्या, विद्यार्थ्यांची सहकारी लाँड्री चालवली. १९०१ मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

माझी पहिली नोंद इथेच झाली. एसी नीट चालत नाही हा प्रश्न नाही, ते गाऱ्हाणं आहे. प्रश्न करायचा तर त्याच्या फोडी कराव्या लागतात. हवा कमी येते की हवा येते पण थंड नाही? सगळीकडे गरम की एकाच बाजूला? गाडी उभी असताना की पळताना? सुरुवातीपासून की अर्ध्या तासाने? मी गॅरेजमध्ये फक्त एसी थंड करत नाही एवढंच सांगितलं होतं. चूक माझीही होतीच.

छापखान्याचा घाम

कॅरिअर यांना बफेलो फोर्ज कंपनी या कारखान्यात नोकरी लागली. पगार आठवड्याला दहा डॉलर. कंपनी पंखे, ब्लोअर आणि हवा गरम करायची यंत्रं बनवायची. तिथे त्यांच्या लक्षात आलं की नळ्यांच्या जाळीतून हवा किती तापते याचे आकडे कुणाकडेच नीट नाहीत. सगळं अंदाजाने चाललंय. अंदाज चुकला तर काय, म्हणून प्रत्येकजण गरजेपेक्षा मोठं यंत्र लावतो. त्यांनी स्वतः प्रयोग करून तक्ते तयार केले. कंपनीचे भरपूर पैसे वाचले आणि या नव्या पोराला प्रयोगशाळा मिळाली.

१९०२ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार आली. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगळा छापावा लागतो. दमट हवेत कागद ओलावा पिऊन किंचित फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. त्यामुळे काल छापलेल्या रंगावर आजचा रंग बरोबर बसत नाही. चित्र फिसकटतं, कागद वाया जातो.

नीट लक्षात घ्या. छापखान्याला थंडावा नको होता. कामगारांना गार वाटावं अशी मागणी कुणी केलीच नव्हती. हवेतला ओलावा कायम एकसारखा ठेवा, एवढंच काम होतं. कॅरिअर यांचे आराखडे १७ जुलै १९०२ या तारखेचे आहेत, आणि आधुनिक एसीचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख धरतात. त्यांनी गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवली. थंड नळीवर हवेतलं पाणी थेंब होऊन जमतं आणि हवा कोरडी होते. ओलावा ५५ टक्क्यांवर ठेवायचं लक्ष्य होतं. त्या यंत्रणेची ताकद रोज साधारण ४९ टन बर्फ वितळवण्याएवढी होती.

आपल्या गाडीखाली एसी चालू असताना पाणी ठिबकतं ना? अनेकजण ते बघून घाबरतात. ते म्हणजे आतल्या हवेतून काढलेला ओलावा. १९०२ मध्ये छापखान्यात जे झालं, तेच तुमच्या गाडीत रोज होतं. पावसाळ्यात काचेवर धुकं आलं की एसी लावल्यावर काच साफ होते, तीही याच कारणाने.

आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटेल. शेजारी इचलकरंजी आहे. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. हवा फार कोरडी झाली की मागावर सूत तुटतं, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. कॅरिअर यांची सुरुवातीची मोठी गिऱ्हाइकं सूतगिरण्याच होती. तिथे उलटं काम, म्हणजे हवेत ओलावा घालायचा. एअर कंडिशनिंग हा शब्दसुद्धा कॅरिअर यांचा नाही. तो १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापडधंद्यातल्या इंजिनिअरने वापरला.

स्टेशनवरचं धुकं

१९०२ च्याच हिवाळ्याच्या तोंडावर कॅरिअर पिट्सबर्ग स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे होते. चहूकडे दाट धुकं. आपण अशा वेळी काय करू? फोन काढून रील बघू. त्यांच्या डोक्यात आलं की धुकं म्हणजे ओलाव्याने पूर्ण भरलेली हवा. पण ही हवा थंड आहे, म्हणून पूर्ण भरलेली असूनही तिच्यात पाणी थोडंच आहे. मग आपण मुद्दाम धुकं तयार केलं, पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून हवा नेली आणि त्या पाण्याचं तापमान आपल्या हातात ठेवलं, तर हवेत किती ओलावा राहील हे आपणच ठरवू शकतो.

म्हणजे पाण्याने हवा कोरडी करायची! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण गणित बरोबर होतं. या यंत्राचं पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळालं.

हे समजायला आपला माठ बघा. एप्रिलमध्ये जयसिंगपुरात माठातलं पाणी मस्त गार होतं. जुलैमध्ये तोच माठ, तेच पाणी, पण गार होत नाही. कारण पावसाळ्यात हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते, माठाच्या अंगावरचं पाणी उडून जात नाही. तापमान आणि ओलावा यांचं हे नातं कॅरिअर यांनी सूत्रांत बसवलं आणि डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलं. आजही एसीचं शिक्षण घेणाऱ्या पोरांना सायक्रोमेट्रिक चार्ट शिकावा लागतो. त्याची मुळं त्या निबंधात आहेत. आयटीआयला जाणारा कुणी मित्र असेल तर विचारा, तो चार्ट बघून कपाळाला हात लावेल.

नोकरी गेली, सात जण उभे राहिले

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं. बफेलो फोर्जने खर्च आवरायला घेतला आणि एअर कंडिशनिंगचा विभाग बंद करायचं ठरवलं. ज्या कामात आयुष्याची बारा-तेरा वर्षं घातली, तेच काम बंद. कॅरिअर, त्यांचे मित्र अर्व्हाइन लाइल आणि आणखी पाच इंजिनिअर एकत्र आले. सगळ्यांनी साठवलेले पैसे काढले, ते साधारण बत्तीस हजार डॉलर भरले. २६ जून १९१५ रोजी कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन सुरू झाली.

थोडं आपल्याकडचं सांगतो. जवळपास त्याच काळात राजर्षी शाहू महाराजांनी आमचं जयसिंगपूर वसवलं आणि त्याला आपल्या वडिलांचं, जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. म्हणजे आमचं गाव आणि ही कंपनी साधारण एकाच वयाची.

पाय बर्फ, डोकं भट्टी

आता येतो माझ्या कामाचा भाग. १९२० च्या आसपास अमेरिकेत काही सिनेमा थिएटरांमध्ये हवा थंड करायची यंत्रणा होती. पण ती पंचाईत करायची. थंड हवा खालून, सीटखालच्या झरोक्यांतून सोडायचे. थंड हवा जड असते, ती खालीच साचून राहायची. खाली बसलेल्या लोकांचे पाय गारठायचे आणि वर बाल्कनीत लोक घामाने निथळायचे. एकाच थिएटरात दोन ऋतू!

वाचताना मला आमची गाडीच दिसली. यंत्र थंडावा तयार करत होतं. तो सगळीकडे पोचत नव्हता. कॅरिअर यांच्या कंपनीने मोठं यंत्र लावून हा प्रश्न सोडवला नाही. त्यांनी हवेची वाट बदलली. थंड हवा छताकडून, सौम्यपणे सोडली आणि खालून परत ओढून घेतली. परतलेल्या हवेचा काही भाग ताज्या थंड हवेत मिसळला, त्यामुळे झोत बोचेनासा झाला.

दुसरी अडचण होती वायूची. त्या काळी थंड करायच्या यंत्रांत अमोनिया वापरत. तो विषारी, गळला तर थिएटरात हाहाकार. कॅरिअर यांनी १९२२ मध्ये सेंट्रीफ्यूगल प्रकारचं नवं शीतयंत्र लोकांसमोर आणलं. त्यात अमोनियापेक्षा सुरक्षित द्रव वापरला होता, आणि यंत्र आकाराने लहान होतं. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात अशी यंत्रं बसली. तिथल्या तळघरात सेल लागला की गर्दीत लोकांना चक्कर यायची, ते थांबलं.

मग १९२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं रिव्होली थिएटर. उद्घाटनाचा दिवस. पॅरामाउंटचे प्रमुख अडॉल्फ झुकर स्वतः येऊन बाल्कनीत बसले. यंत्रं सुरू व्हायला उशीर झालेला. लोक आत आले ते हातपंखे हलवतच. कॅरिअर आणि त्यांची माणसं मागे उभी राहून फक्त त्या पंख्यांकडे बघत होती. हळूहळू एक पंखा थांबला, मग दहा, मग सगळेच. खेळ संपल्यावर झुकर यांनी लोकांना हे आवडणार अशी पावती दिली. १९३० पर्यंत कॅरिअर यांच्या कंपनीने सुमारे ३०० थिएटरं थंड केली. उन्हाळ्यात रिकामी पडणारी थिएटरं उन्हाळ्यातच भरायला लागली.

मला ती पंख्यांची गोष्ट फार आवडली. त्यांनी यंत्राचा आवाज ऐकून काम झालं असं ठरवलं नाही. बसलेल्या माणसाकडे बघितलं. माझ्या गाडीत तो हातपंखा म्हणजे बाबांचा टॉवेल होता.

गाडीत एसी कसा आला?

गाडीचा एसी कॅरिअर यांनी शोधला का? नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण तसं बरेच व्हिडिओ सांगतात. कारखान्यात एसी विकणारी पहिली गाडी पॅकार्ड. १९३९ च्या शेवटी ती प्रदर्शनात आली. तिची थंडाव्याची जाळी मागे डिकीच्या बाजूला होती, थंड हवा मागून यायची. एसी बंद करायला सोपं बटण नव्हतं. खाली उतरून, बॉनेट उघडून बेल्ट काढावा लागायचा! थोड्याच वर्षांत तो प्रकार बंद पडला. एसीचे सगळे भाग पुढे बसवलेली सुटसुटीत यंत्रणा १९५४ मध्ये नॅश कंपनीने आणली.

मधल्या काळात कॅरिअर यांनी वाईट दिवसही बघितले. १९२९ नंतरच्या महामंदीत धंदा कोसळला. १९३० मध्ये दुसऱ्या कंपन्यांशी विलीनीकरण करावं लागलं. १९३७ मध्ये सगळं काम सिरॅक्यूज शहरात हलवलं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्यांनी इग्लूच्या आकाराचं दालन उभारून लोकांना गार हवा दाखवली. पण घराघरांत एसी पोचायच्या आधीच दुसरं महायुद्ध आलं. ७ ऑक्टोबर १९५० रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी विलिस कॅरिअर वारले. घरोघरी एसी लागायची लाट त्यांच्यानंतर आली. स्वतःच्या कामाचं खरं पीक त्यांना बघायला मिळालं नाही.

त्या पिकात तणही होतं. १९३० पासून थंडाव्यासाठी फ्रेऑन नावाचे वायू आले. विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, म्हणून सगळे खूश. पुढे कळलं की ते ओझोनचा थर पोखरतात. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हटवत नेले. आज आपल्या बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए वायू असतो. तो ओझोनला त्रास देत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून गळती न शोधता दरवर्षी गॅस भरत राहणं हे खिशाला आणि हवेला, दोन्हीला वाईट.

आता माझी गाडी

दुसऱ्या दिवशी मी कॅरिअर यांच्यासारखं मोजायला बसलो. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर घेतला, दोन-अडीचशे रुपयांचा. दुपारी गाडी सावलीत लावून एसी फुल्ल केला, आतली हवा फिरवायचं बटण दाबलं, दहा मिनिटं थांबलो आणि चारही जाळ्यांत सेन्सर धरला. माझ्या बाजूला ९ अंश. मधली उजवी ११. मधली डावी १६. बाबांची बाजू १९. आकडे फोनमध्ये लिहून ठेवले.

मग एकेक फोड घेतली:

- हवेचा जोर चारही जाळ्यांत सारखा होता का? जवळपास सारखा. म्हणजे नळी बुजलेली नाही.
- केबिन फिल्टर? काढला तर धुळीने काळा. नवा घातला. हवा वाढली, पण डाव्या-उजव्यातला फरक तसाच. फिल्टर घाण असेल तर सगळीकडेच हवा कमी होते, एका बाजूला नाही.
- गाडी उभी असताना गरम आणि पळताना थंड, असं आहे का? नाही. तसं असतं तर पुढचा पंखा किंवा धुळीने भरलेला कंडेन्सर बघावा लागला असता. आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचा भुसा तिथे अडकतोच.
- सुरुवातीला थंड आणि मग हवाच कमी होत जाते का? नाही. तसं झालं तर आतल्या जाळीवर बर्फ धरतो.
- दोन बाजूंना वेगळं तापमान ठेवायची सोय आहे का? आमच्या गाडीत नाही, एकच गोल बटण. ज्या गाडीत ही सोय असते, तिथे डॅशबोर्डमागे हवेची झडप फिरवणारी छोटी मोटर खराब होऊ शकते. तेव्हा बऱ्याचदा टक-टक आवाज येतो.

मग उरलं काय? आतल्या जाळीचा अर्धाच भाग थंड होतोय. असं का होतं ते उसाच्या रानावरून सांगतो. मोटरचं पाणी कमी पडलं की पहिल्या सऱ्या भिजतात आणि शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही. एसीचा गॅस द्रवरूपात जाळीच्या एका बाजूने शिरतो आणि उकळत उकळत पुढे जातो. त्या उकळण्यातच थंडावा तयार होतो. गॅस कमी असेल तर तो सुरुवातीलाच उकळून संपतो आणि पुढची जाळी कोरडी राहते. त्या बाजूची हवा कोमट.

हे आकडे घेऊन मी फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. काकांनी फोनमधले आकडे बघितले, हसले आणि गेज लावले. कमी दाबाचं आणि जास्त दाबाचं, दोन्ही काटे खाली. काकांनी समजावून सांगितलं की कॉम्प्रेसर दमला असता तर कमी दाबाचा काटा उलट वर राहिला असता आणि जास्त दाबाचा खाली. दोन्ही खाली म्हणजे गॅस कमी. आणि गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय.

गळती सापडली कंडेन्सरच्या सांध्यावर. तिथे तेलकट डाग होता. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे आले. आतलं रबरी कडं, ओ-रिंग म्हणतात ते, कडक होऊन चिरलं होतं. ते बदललं, व्हॅक्यूम पंप लावून यंत्रणा रिकामी केली, ती दाब धरते का ते बघितलं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस मोजून भरला. सगळे मिळून अठ्ठावीसशे रुपये झाले. कॉम्प्रेसर जुनाच, आणि तो ठणठणीत आहे.

परत थर्मामीटर लावला. चारही जाळ्यांत ८ ते १० अंश.

एक सावधगिरी सांगतो. फिल्टर बदला, थर्मामीटर लावा, निरीक्षण करा, ते तुमचं काम. पण एसीच्या नळ्या स्वतः उघडू नका. आत दाब असतो, गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्याला इजा होते. स्वस्तात दुसराच कुठला ज्वलनशील गॅस भरून देतो असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. आणि गॅरेजवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा, गेजवर दोन्ही काटे किती दाखवतात? ज्याला खरंच काम येतं तो रागावत नाही, दाखवतो.

त्या आठवड्यात मिरजेहून परत येताना बाबा अंकलीच्या पुलाआधीच झोपले. टॉवेल मांडीवर तसाच घडी घातलेला. उदगावला जाग आली तेव्हा त्यांनी हवा जरा कमी कर म्हणून सांगितलं. गार लागतंय म्हणाले. मी बटण एक घर मागे घेतलं.

तुमच्या गाडीत कुठल्या बाजूला कोमट हवा येते, ते आज दुपारीच मोजून बघा. आकडे लिहून ठेवा, मग गॅरेजला जा.